शीलाताईंची डुलणारी गाडी

शीलाताई रणपिसे यांना ऑफिसबाहेर मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसले. पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यांवर पुरुषी विजारीचे दुमडलेले काठ, आणि बाकी सगळ्या शीलाताई एका प्रचंड निळ्या मोटारीच्या पोटाखाली. आम्ही नुकतेच दिल्लीत सरोजिनी नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आलो होतो. त्या समोरच राहतात एवढं ऑफिसात कळलं होतं, म्हणून रविवारी दुपारी वाटीभर खीर घेऊन मी ओळख वाढवायला गेले. गाडीखालून आवाज आला, "मालती असशील तर आत जा. खिरीचा वास येतोय, बाबा मागतील, देऊ नकोस, गोड बंद आहे त्यांना. दुसरं कोणी असेल तर सतरा नंबरचा पाना द्या."

मी मालतीच होते, पण पानाही दिला. म्हणजे एकामागून एक पाच पाने दिले, त्यांतला पाचवा सतरा नंबरचा निघाला.

हीच बाई सोमवारी सकाळी कडक इस्त्रीची सुती साडी नेसून, अंबाडा घालून सेक्शन ऑफिसरच्या खुर्चीत बसलेली असायची. आमच्या खात्यात त्यांच्या टिपणांचा धाक होता. तीन पानांची फाइल त्यांच्याकडे गेली की सहा ओळींची होऊन परत यायची. कुठलंही प्रकरण आलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "आधी सैल काय आहे ते बघा." मला ते फार खोल प्रशासकीय सूत्र वाटायचं. ते गाडीखालचं आहे हे त्या रविवारी कळलं.

गाडी अमेरिकन होती. दोन दारांची, आठ सिलिंडरची, दोन स्कूटर शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढ्या लांब नाकाची. शौकीन लोक अशा गाड्यांना मसल कार म्हणतात हे मला फार पुढे माझ्या मुलाकडून समजलं. कुठल्याशा वकिलातीतल्या अधिकाऱ्याने बदलून जाताना ती विकायला काढली होती आणि कोणी घेत नव्हतं. पेट्रोल पिणारी, सुटे भाग न मिळणारी, आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला. शीलाताईंनी ती का घेतली असं विचारलं की त्या म्हणायच्या, रंग आवडला. शाईसारखा निळा रंग होता हे खरं. पण खरं कारण त्यांचे बाबा होते, आणि ते त्या कोणाला पटकन सांगत नसत.

बाबा म्हणजे रणपिसे सर. अहमदनगरला मिशनच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला. पत्नी गेल्यावर ते लेकीकडे दिल्लीला आले आणि दुसऱ्याच वर्षी न्हाणीघरात घसरून त्यांच्या कमरेचा मणका दुखावला. डॉक्टरांनी बजावलं होतं की पाठीला धक्का बसता कामा नये. त्यामुळे बस बंद, टांगा बंद, रिक्षाचं तर नावच नको. सर घरात बसले. आणि ज्या माणसाने हजारो मुलांना पानिपत शिकवलं, त्याने स्वतः पानिपत पाहिलेलं नव्हतं. दिल्लीहून ते सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर होतं. "इतक्या जवळ येऊन राहिलोय मी," असं ते अधूनमधून म्हणायचे, तक्रार म्हणून नव्हे, नकाशा वाचावा तसं.

त्या निळ्या गाडीची पुढची सीट अख्ख्या सोफ्यासारखी होती. त्यावर बाबांना उशा लावून निम्मं आडवं बसवता येईल, असा शीलाताईंचा हिशेब.

हिशेब सीटपुरता बरोबर होता. गाडीची खालची बाजू मात्र पार म्हातारी झालेली. मी आणि माझे यजमान वसंतराव त्यांच्याबरोबर पहिल्यांदा बसलो त्या दिवशीचं सांगते. गाडी वळायच्या आधी झुकायची, झुकल्यावर थोडा विचार करायची आणि मग वळायची. ब्रेक लावला की नाक जमिनीला टेकवायला निघायची. साधा खड्डा आला की पुढचे तीन खांब जाईपर्यंत पाळण्यासारखी खालीवर होत राहायची. रिंग रोडवरच्या एका वळणावर वसंतराव मागच्या गुळगुळीत सीटवरून घसरत घसरत माझ्या अंगावर आले आणि पुढच्या वळणावर आम्ही दोघं मिळून पलीकडच्या खिडकीवर जाऊन आदळलो. उतरल्यावर ते झाडाला धरून उभे राहिले. शीलाताईंनी त्यांना पाणी दिलं आणि उजव्या वळणाला जास्त झुकली की डाव्या, असं अगदी गांभीर्याने विचारलं.

नवीन भाग परदेशातून मागवणं त्यांच्या पगारात बसणारं नव्हतं. बाबांची औषधं, नगरला धाकट्या बहिणीच्या मुलांचं शिक्षण, हे आधी. मग त्यांनी एक नियम केला. महिन्याला एकच भाग. पगार झाल्यानंतरच्या शनिवारी करोल बागेत जायचं, एक वस्तू आणायची, रविवारी चर्चमधून आल्यावर ती बसवायची, आणि पुढचा महिनाभर ती कशी वागते ते बघायचं. "सगळं एकदम बदललं तर कशाने बरं वाटलं ते कळणार कसं?" असं त्या म्हणायच्या. एका वहीत त्या सगळं सरकारी थाटात लिहून ठेवत. विषय: पुढील डाव्या चाकाचा आवाज. वस्तुस्थिती. प्रस्ताव. आणि त्याखाली सर लाल शाईने शेरा मारून शंभरपैकी गुण देत. सुरुवातीला गाडीला अठरा गुण होते. अठरापैकी दहा रंगाचे, असं सरांनी कंसात लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय.

करोल बागेत मी त्यांच्याबरोबर दोनतीनदा गेले. मोटारीच्या सामानाच्या त्या गल्लीत साडीतली बाई दिसली की दुकानदार ओळीने सीट कव्हर दाखवायला लागत. जग्गीसाहेब नावाचे एक पंजाबी दुकानदार होते, त्यांनीही पहिल्या दिवशी वेलबुट्टीची कव्हरं काढली. शीलाताईंनी पिशवीतून जेवणाचा डबा काढला, उघडला आणि आतून एक काळा, चिरफाळलेला, चपटा झालेला रबरी बुश काउंटरवर ठेवला. चाकाला धरणाऱ्या लोखंडी दांड्याच्या सांध्यात बसतो तो. तसे त्या गाडीत डझनभर होते आणि सगळ्यांचा भुगा झालेला होता. जग्गीसाहेबांनी तो उलटसुलट करून बघितला आणि हसत म्हणाले की मॅडम, हा म्युझियममध्ये मिळेल.

शीलाताई हसल्या नाहीत. त्यांनी अंबाड्यातून पेन्सिल काढली, पट्टीने बुशचं माप घेतलं आणि विचारलं की याच्यापेक्षा थोडा मोठा कोणत्या गाडीचा येतो. मग पाऊण तास ते दोघं आणि दुकानातले दोन नोकर फळ्यांवरून डबे काढत बसले. एका मालट्रकचा बुश जरासा मोठा निघाला. तो शेजारच्या गल्लीतल्या खरादवाल्याकडे लेथवर घासून घेतला आणि बेमालूम बसला. सांध्यातलं सगळं रबर बदललं तेव्हा गाडीचा खडखडाट निम्मा गेला. सरांनी एकतीस गुण दिले. जग्गीसाहेब त्यानंतर शीलाताईंना मास्टरजी म्हणायला लागले आणि त्या आल्या की आधी चहा मागवून मगच विचारायचे की आज डब्यात काय आहे.

याच सुमारास सुभेदार पिसाळ आले. मूळचे साताऱ्याकडचे, छावणीतल्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कोणीतरी त्यांना या गाडीबद्दल सांगितलं, आणि पुढच्याच रविवारी ते सायकलवरून हजर. ओळखपाळख न करता त्यांनी गाडीच्या भोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "ताई, गाडी वाईट न्हाई. सवयी वाईट लागल्यात."

त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की फौजेच्या स्टोअरमधला एक नट की वॉशर ते आणणार नाहीत, तेव्हा तशी अपेक्षा ठेवू नये. शीलाताईंनी तितक्याच सरळपणे सांगितलं की आणला असता तर त्यांना फाटकाबाहेर काढलं असतं. तिथे त्यांचं जमलं. सुभेदार दर रविवारी यायचे, मजुरीचं नाव काढू द्यायचे नाहीत. त्यांना सरांशी बोलायचं असायचं.

आता या बोलण्याचं काय सांगू. सर अंगणात बाजेवर उशांना टेकून बसत आणि सुभेदार गाडीचं काम करता करता त्यांच्याशी पानिपताची लढाई लढत. सरांच्या मते चूक डावपेचांची होती. सुभेदारांच्या मते रसदीची. जनावरांना चारा नाही तिथे लढाई कसली, हे त्यांचं म्हणणं. बोलून भागेना तेव्हा सरांनी बाजेवर पाने मांडायला सुरुवात केली. मोठे पाने तोफा, लहान पाने घोडदळ, पक्कड म्हणजे अफगाण. एकदा शीलाताईंनी गाडीखालून सतरा नंबरचा पाना मागितला तर सर म्हणाले, "तो तोफखाना आहे, आत्ता हलवता येणार नाही." शीलाताई म्हणाल्या की बाबा, माझ्या हातात चाक आहे. सरांनी विचार करून उत्तर दिलं की तोफखाना हलवला म्हणूनच हरलो आपण. सुभेदार इतके हसले की त्यांच्या हातातलं ग्रीस सरांच्या धोतराला लागलं. त्या दिवशी चाक तासभर उघडं राहिलं, पण लढाई पहिल्यांदाच बरोबरीत सुटली.

सगळं असं हसतखेळत चाललं होतं आणि तिथेच घाई झाली. बुश झाले, सांधे झाले, पुढचे दोन शॉकर झाले. शॉकर म्हणजे स्प्रिंगचं उसळणं आवरून धरणारी नळी. ते एका जीपचे होते, टोकं बदलून बसवलेले. गाडी आता पाळण्यासारखी हलत नव्हती, पण वळणावर झुकायची सवय जात नव्हती. सुभेदारांनी सुचवलं की मागच्या चाकांवर जे पोलादी पाटे असतात त्यांत एकेक पाटा वाढवू, फौजी गाड्यांना असंच करतात. केलं. आणि गाडी एकदम सरळ झाली. छावणीकडच्या मोकळ्या रस्त्यावर शीलाताईंनी ती अशी काही वळवली की मी आणि वसंतराव मागे बसल्या जागी राहिलो. शीलाताईंचा अंबाडा सुटला आणि त्यांनी तो तसाच सुटू दिला. इतक्या खुशीत त्यांना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. परत आल्या आल्या त्यांनी बाबांना उशांसकट उचलून गाडीत बसवलं आणि कोपऱ्यापर्यंत चक्कर मारायला नेलं.

कोपऱ्यावर रस्ता खोदून बुजवलेला होता. जेमतेम चार बोटांचा उंचवटा. पण पाटे आता कडक झाले होते, त्यांनी तो उंचवटा जसाच्या तसा वर पोहोचवला. सर ओरडले नाहीत. परत येताना त्यांनी सीटची कड घट्ट धरून ठेवली एवढंच. त्यांना उतरवताना त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

आठवडाभर ते अंथरुणावर होते. शीलाताईंनी रजा काढली. मी संध्याकाळी भाजी घेऊन गेले की त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलेल्या असायच्या, हात मात्र गॅरेजवाल्यासारखे काळे, कारण दुपारभर त्या गाडीपाशी जाऊन नुसत्या उभ्या राहत आणि काहीतरी पुसत बसत. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या की गाडी विकते. वळणावर सरळ हवी तर कडक करावी लागते, आणि कडक केली तर बाबा बसू शकत नाहीत. मग ही कोणासाठी ठेवायची? मी भाजी चिरायला घेतली. सुभेदार त्या रविवारी आले ते अंगणातच उभे राहिले, टोपी हातात घेऊन. पाटा वाढवायची कल्पना त्यांची होती.

सरांना सगळं ऐकू जात होतं. त्यांनी वही मागवली, झोपल्या झोपल्या लाल शाईने काहीतरी लिहिलं आणि ती माझ्याकडे दिली. मी बाहेर आणून वाचलं. गुणांच्या जागी भोपळा होता. खाली लिहिलं होतं, "अभ्यास चांगला. उत्तर चुकले. पुन्हा परीक्षेस बसावे."

शीलाताईंनी ते दोनदा वाचलं. मग वही सुभेदारांच्या हातात दिली, आणि ते दोघंही गाडीखाली गेले. दुपारपर्यंत वाढवलेले पाटे निघाले.

खरा उपाय शीलाताईंनी स्वतः काढला, आणि तोही कागदावर. त्यांच्या लक्षात आलं की उंचवट्यावर दोन्ही चाकं एकदम वर जातात, पण वळणावर एक वर जातं आणि एक खाली. तेव्हा स्प्रिंगा मऊच राहू द्यायच्या, आणि डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी जी आडवी पोलादी सळई असते तीच जाड करायची. दोन्ही चाकं बरोबर उचलली तर ती गप्प राहील. एकच उचललं तर ती पिळली जाईल आणि गाडीला झुकू देणार नाही. गाडीत अशी सळई होती, पण बोटाएवढी बारीक. सुभेदारांनी कागद बघितला आणि म्हणाले की हे मला सुचायला पाहिजे होतं. पण अशी सळई तापवून वाकवली तर तिचं पाणी जातं, पोलाद मऊ पडतं, त्यामुळे मुळातच या आकाराची शोधायला हवी.

म्हणून शीलाताईंनी कपडे वाळत घालायची जाड तार घेतली आणि गाडीखाली झोपून ती सळईच्या आकाराची वाकवली. दोन्ही बाजूंना कोपरापासून दुमडलेल्या हातांसारखा आकार, आणि रुंदी गाडीएवढी. तो घेऊन आम्ही मायापुरीच्या भंगार बाजारात निघालो, बसने. बस भरलेली. शीलाताईंनी ती तार डोक्यावर आडवी धरली होती आणि तिची टोकं दोन्ही बाजूंच्या प्रवाशांच्या कानांना लागत होती. कंडक्टरने ही काय चीज आहे असं विचारलं. शीलाताई म्हणाल्या की नाप आहे. "किसका?" म्हणाला. यांनी सांगितलं की गाडी का. त्याने एकदा तारेकडे आणि एकदा यांच्या इस्त्रीच्या साडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "गाडी है तो बस में क्यों जा रही हो, बहनजी?" सगळी बस हसली. शीलाताईही हसल्या, आणि मान हलवली तशी तार फिरून एका सद्गृहस्थाची टोपी पडली.

तीन शनिवार असे गेले. मायापुरीत तुटलेल्या गाड्यांचे डोंगर होते आणि त्यांच्यामधून या बाई तार खांद्याला लावून फिरायच्या, प्रत्येक सळईवर ती ठेवून बघायच्या. तिथले लोक लांबूनच ओरडून सांगायला लागले की आज नवा ट्रक आलाय, बघून जा. तिसऱ्या शनिवारी एका मोडीत निघालेल्या मेटॅडोरसारख्या गाडीखालची सळई तारेला अशी जुळली की जणू तिच्यावरूनच तार वाकवली असावी. अंगठ्यापेक्षा जाड. शीलाताईंनी ती छातीशी धरली. साडीवर उमटलेला गंजाचा पट्टा पुढे कधी गेला नाही, आणि त्या ती साडी ऑफिसात मुद्दाम नेसायच्या.

सळई बसवली, पण आता बाबांवर प्रयोग करायचा नाही हे ठरलेलं होतं. यावर तोड सरांनीच काढली. म्हणाले, माझ्या जागी ताक बसवा. काठोकाठ ताकाचं पातेलं मांडीवर घेऊन माणसाने पुढच्या सीटवर बसायचं, गाडी खराब रस्त्यावरून आणि वळणांवरून न्यायची, आणि सांडलं की नापास. मांडी माझी ठरली, कारण वसंतरावांनी त्या रविवारी अचानक आजारी पडायचं ठरवलं होतं.

पहिल्या फेरीला मी पोटापासून पायापर्यंत ताकात न्हाले. मागचे शॉकर अजून जुनेच होते. पुढच्या महिन्यात मागचे दोन आले, आणि ताक मांडीपुरतं सांडलं. त्यानंतरच्या महिन्यात चाकांचे कोन नीट करून घेतले, आणि त्या दिवशी गाडी बुजवलेल्या खड्ड्यावरून, छावणीच्या वळणावरून, दोन गतिरोधकांवरून गेली आणि मी पातेलं धरून डोळे मिटून बसले होते. शीलाताई म्हणाल्या, उघड. ताक काठाशी थरथरत होतं. थेंबही बाहेर नव्हता. आम्ही दोघी इतक्या जोरात हसायला लागलो की सगळं ताक तेव्हाच सांडलं. सरांनी ते सांडणं मोजलं नाही, कारण ते प्रवासात सांडलं नव्हतं, आणि बासष्ट गुण दिले.

पानिपतला आम्ही थंडीतल्या एका शनिवारी निघालो. धुकं विरून ऊन पडल्यावर. शीलाताई डावीकडे स्टिअरिंगवर, उजवीकडे सर उशांमध्ये, मफलर गुंडाळून. मागे सुभेदार, मी आणि वसंतराव. स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे पुढच्या गाडीला ओलांडायचं तर समोरचं शीलाताईंना दिसत नसे. ते काम सरांचं होतं. ते मान बाहेर काढून बघायचे आणि "मोकळं" किंवा "थांब" म्हणायचे. आपल्या सवयीने ती चालकाची बाजू, त्यामुळे नाक्यावरच्या हवालदाराने काचेतून पाहिलं तर एक म्हातारा हातात पुस्तक धरून, स्टिअरिंगशिवाय, आरामात गाडी चालवतोय. त्याने सलाम ठोकला. सरांनीही केला.

वाटेतलं मुरथळ गाव मागे पडलं. एका बसच्या मागे आम्ही बराच वेळ होतो. सरांनी मान काढून पाहिलं आणि मोकळं म्हणाले. शीलाताईंनी गाडी बाहेर काढली, आठही सिलिंडर गरजले, आणि आम्ही बसच्या अगदी बरोबरीला असताना उजवीकडच्या शेतातून उसाची ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर सरळ रस्त्यावर आला.

बसने करकचून ब्रेक लावला, पण आम्हाला थांबायला जागा नव्हती. शीलाताईंनी गाडी उजवीकडे कच्च्यात घातली, ट्रॉलीच्या मागून काढली आणि तशीच परत डावीकडे डांबरावर आणली. दोन वळणं, एकाला लागून दुसरं. मला आठवतं ते एवढंच की ऊस माझ्या खिडकीला घासून गेला आणि मी कोणाच्याही अंगावर पडले नाही. पूर्वीची गाडी असती तर पहिल्याच वळणाला आडवी झाली असती. ही एकदा खोल दबली, उठली, आणि सरळ चालायला लागली, जणू काही झालंच नाही.

वसंतरावांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. मग सर हळूच म्हणाले, "माझं चुकलं. मी बघितलं नाही नीट."

शीलाताईंची नजर रस्त्यावरच होती. "बाबा, पाठ?"

सरांनी जरा हलून पाहिलं. पाठ आहे याची आठवणच आत्ता झाली, असं दिसलं. "काही नाही," ते म्हणाले. "काहीच झालं नाही."

मागून सुभेदार घसा साफ करून म्हणाले, "ताई, गाडी पास." आणि मग आम्ही जे हसायला लागलो ते थांबेचना. भीतीचं हसू होतं ते, पण पानिपत येईपर्यंत पुरलं.

रणांगणावर सर स्वतःच्या पायांनी उतरले. काठी टेकत स्मारकाच्या चौथऱ्यापाशी गेले, टोपी काढली आणि बराच वेळ उभे राहिले. ओठ हलत होते, प्रार्थना असावी. मला वाटलं आता डोळे पुसतील. त्यांनी टोपी घातली, मागे वळले आणि म्हणाले, सुभेदार, तुम्ही डावी बगल, तिकडे शेताच्या कडेला जा. मालती, तू तोफा, इथेच थांब आणि काही झालं तरी हलू नकोस. वसंतरावांना घोडदळ केलं. मोहरीच्या पिवळ्या शेताच्या बांधावरून वसंतराव, केंद्र सरकारचे राजपत्रित अधिकारी, टाय घातलेले, सर सांगतील तसे धावत होते. सहलीला आलेली एक शाळा हे बघत थांबली आणि दहा मिनिटांत त्या सगळ्या हरियाणवी मुलींचं सरांनी राखीव सैन्य केलं. सर हिंदीत शिकवत होते, मराठी हिंदीत, आणि पोरी ऐकत होत्या. शीलाताई गाडीच्या बॉनेटला टेकून उभ्या होत्या. त्यांना कोणतीच भूमिका दिलेली नव्हती. त्या नुसत्या बाबांकडे बघत होत्या.

परत येताना सर झोपले. पाठ दुखावल्यापासून बसल्या जागी त्यांना कधी झोप लागली नव्हती. चहाला थांबायचं ठरलं होतं, पण शीलाताईंनी थांबवली नाही, आणि एकाही गाडीला ओलांडलं नाही. दिल्लीपर्यंत आम्ही एका उंटगाडीपासून ते दुधाच्या टँकरपर्यंत सगळ्यांच्या मागून आलो. वहीत त्या रविवारी सरांनी लिहिलं, "सत्तर." त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला पुढे सांगितलं की सरांनी शाळेत सत्तरच्या वर कधीच कोणाला दिले नाहीत.

सर त्यानंतर दोन वर्षं होते. गाडीने त्यांनी आग्रा पाहिलं, मेरठ पाहिलं, कुरुक्षेत्रावर सुभेदारांशी नवं भांडण काढलं. ते गेले तेही झोपेत. शीलाताई त्याच आठवड्यात ऑफिसला आल्या आणि पहिल्या फाइलवर नेहमीसारख्याच सहा ओळी लिहिल्या.

निवृत्त झाल्यावर त्यांनी नगरला परत जायचं ठरवलं, आणि गाडी ट्रकवर चढवून न्यायला साफ नकार दिला. एकट्या चालवत जाणार म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी विरोध करून बघितला. त्या तिसऱ्या दिवशी सुखरूप पोहोचल्या, तसं पत्रही आलं, पुढे पत्रं येतच राहिली. भेट मात्र कधी झाली नाही. म्हणून त्या सकाळचं नीट लक्षात ठेवलंय.

त्यांना सोडायला मी आणि वसंतराव स्कूटरवरून गुडगावपर्यंत गेलो. आज तिथे काचेचे मनोरे आहेत, तेव्हा शेतं होती आणि कडेला एक पेट्रोल पंप. टाकी भरत असताना नव्याकोऱ्या छोट्या गाडीतला एक तरुण उतरून आला. त्याने निळ्या गाडीकडे पाहिलं, पांढऱ्या केसांच्या शीलाताईंकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं की मांजी, ही एवढ्या लांब जाईल का?

शीलाताईंनी त्याला पुढच्या चाकाशी बोलावलं आणि दोन्ही हातांनी गाडी जोर लावून दाबायला सांगितली. त्याने दाबली. "अब छोड़ो," म्हणाल्या. त्याने हात काढले. ते भलंमोठं निळं नाक एकदा वर आलं आणि जिथल्या तिथे थांबलं. पुन्हा हललं नाही. मग त्यांनी त्याच्या नव्या गाडीकडे बोट दाखवून सांगितलं की आता ती दाबून बघ. त्याने दाबली, आणि ती बिचारी चार वेळा डुलली. तो ओशाळून हसला. शीलाताईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला करोल बागेतल्या जग्गीसाहेबांचा पत्ता लिहून दिला.

त्या गाडीत बसल्या. मी काहीतरी बोलायचं ठरवून आले होते, ते इंजिनाच्या आवाजात राहून गेलं. गाडी पंपाच्या तोंडाशी गेली आणि खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला. माझे डोळे भरले. मी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवायला लागले, वसंतरावही हलवायला लागले.

मग लक्षात आलं, रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा होता, आणि शीलाताई डावीकडे वळत असल्याचा इशारा देत होत्या.